नाकाच्या शस्त्रक्रियेपूर्वीचे सरसकट स्टिरॉइड : एक प्रतिवाद

नाकाची शस्त्रक्रिया कोणतीही असो, तिच्या आधी रुग्णाला चार-पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या द्याव्यात, म्हणजे सूज कमी येते, डोळ्यांभोवती रक्त साकळत नाही, रुग्ण लवकर बरा होतो आणि इतक्या थोड्या दिवसांत औषधाचा अपायही होत नाही, असे एक मत वैद्यकीय व्यवहारात पुष्कळ आत्मविश्वासाने मांडले जाते. या मताच्या पाठीशी शरीरक्रियाशास्त्र आहे, चाचण्या आहेत आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभवही आहे, असे त्याचे समर्थक सांगतात, आणि हे तिन्ही आधार पूर्णपणे खोटे आहेत असे म्हणता येणार नाही. तरीही हे मत चुकीचे आहे, कारण वेगवेगळ्या रुग्णांविषयी, वेगवेगळ्या मात्रांविषयी आणि वेगवेगळ्या हेतूंविषयी सिद्ध झालेल्या लहान-लहान गोष्टी एकत्र बांधून त्यातून जो सर्वसाधारण नियम काढला जातो, तो त्यांपैकी एकाही गोष्टीतून निघत नाही. भूल देताना एकदाच दिलेली मात्रा समर्थनीय असू शकते. परंतु प्रत्येक नाकासाठी अनेक दिवसांचा कोर्स हा रिवाज समर्थनीय नाही, आणि या दोहोंना एकाच नावाखाली चालू देणे हा वादातील मुख्य दोष आहे.

येथे ज्यांना स्टिरॉइड म्हटले आहे ती औषधे म्हणजे मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची कृत्रिम भावंडे होत. व्यायामशाळांत स्नायू वाढवण्यासाठी घेतली जाणारी स्टिरॉइडे वेगळी, त्यांचा या विषयाशी संबंध नाही. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही या वर्गातील नेहमीची नावे असून त्यांची ताकद सारखी नसते : ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचे काम ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा सुमारे पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन करते. ही औषधे पेशीच्या आत शिरून जनुकांच्या पातळीवर काम करतात, सूज निर्माण करणाऱ्या रसायनांचे उत्पादन मुळातच रोखतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून द्रव झिरपण्याचे प्रमाण घटवतात. या कामाला काही तास लागतात, म्हणून सूज येऊन गेल्यावर औषध देण्यापेक्षा आधी दिलेले बरे, हा समर्थकांचा युक्तिवाद येथपर्यंत बिनचूक आहे. मात्र काही तास आधी देण्याची गरज सिद्ध झाली म्हणून काही दिवस आधी देण्याची गरज सिद्ध होत नाही. शिवाय हाड कापताना ज्या रक्तवाहिन्या प्रत्यक्ष तुटतात, त्यांतून बाहेर पडणारे रक्त कोणतेही स्टिरॉइड थांबवू शकत नाही. सूज आणि साकळलेले रक्त ही दोन्ही चेहऱ्यावर एकत्र दिसत असली तरी त्यांची कारणे निराळी आहेत, आणि म्हणूनच चाचण्यांमध्ये सुजेबाबतचे निष्कर्ष पुष्कळसे एका दिशेने जाताना, साकळलेल्या रक्ताबाबतचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत.

नाकाची शस्त्रक्रिया हा एकच प्रकार समजणे ही यापुढची चूक होय. नाकाचा बाह्य आकार सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेत, म्हणजे ऱ्हायनोप्लास्टीत, नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडे पुष्कळदा कापून नव्या जागी बसवावी लागतात आणि हा छेद डोळ्यांच्या खोबणीजवळून जात असल्यामुळे दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून जवळजवळ मिटतात. सामान्य बोलण्यात ज्याला ‘नाकाचे हाड वाढणे’ म्हणतात त्या वाकड्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत काम पडद्यापुरते मर्यादित असते, डोळ्यांजवळचे हाड बहुधा कापलेच जात नाही, आणि त्यामुळे पापण्यांच्या सुजेचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तेथे रुग्णाला त्रास होतो तो नाक बंद राहण्याचा, आत धरणाऱ्या खपल्यांचा आणि नाकात भरलेला बोळा काढताना होणाऱ्या वेदनेचा. सायनसच्या दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेत प्रश्न तिसराच असतो. ज्या रुग्णांच्या नाकात आणि सायनसमध्ये सुजलेल्या अस्तराचे द्राक्षांसारखे लोंबते कोंब, म्हणजे पॉलिप, वाढलेले असतात, त्यांच्या बाबतीत दाह हाच मूळ आजार असतो आणि स्टिरॉइड हे त्या आजारावरचेच औषध असते. एका प्रकारात मिळालेला पुरावा दुसऱ्यावर चिकटवण्याची सवय सुटल्याशिवाय या विषयावर सरळ बोलणे शक्य नाही.

पुराव्याची सर्वांत जास्त चर्चा ऱ्हायनोप्लास्टीच्या संदर्भात होते, म्हणून त्याची तपासणी बारकाईने करायला हवी. चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियांत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडविषयी कोक्रेन या संस्थेने २०१४ साली एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला; अशा आढाव्यात एका प्रश्नावरच्या, रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने केलेल्या सर्व चाचण्या शोधून त्यांची एकत्रित छाननी केली जाते. या आढाव्यात १० चाचण्या आणि मिळून ४२२ रुग्ण बसले, त्यांपैकी ९ चाचण्या ऱ्हायनोप्लास्टीच्या होत्या, आणि त्यांत वापरलेली औषधे व मात्रा इतक्या भिन्न होत्या की आकडे एकत्र करण्याजोग्या चाचण्या दोनच निघाल्या, ज्यांतील रुग्ण होते ६०. या साठ जणांवरून असे दिसले की १० मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची एक मात्रा पहिल्या दोन दिवसांतील सूज आणि साकळलेले रक्त कमी करते; पुराव्याचा दर्जा आढावाकारांनी स्वतःच निम्न ठरवला, आणि हा फरक पहिल्या दोन दिवसांनंतर टिकत नाही असेही नोंदवले. आठवडाभर टिकणारा परिणाम दाखवणारी एक चाचणी त्यांत होती, परंतु तिच्यात ४० रुग्ण होते आणि मात्रा होती २५० मिलिग्रॅमहून अधिक मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात तीनशे मिलिग्रॅमच्या वर. एका निरोगी तरुण माणसाला केवळ आठवडाभराची निळसर छटा टाळण्यासाठी एवढी मात्रा देण्याचा सल्ला विचारी माणसाने कोणत्या तोंडाने द्यावा, हा प्रश्न समर्थकांनी स्वतःला विचारायला हवा.

त्या आढाव्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र समर्थकांच्या मांडणीत क्वचितच येते. १० चाचण्यांपैकी एकाही चाचणीने रुग्णाला बरे व्हायला किती वेळ लागला, तो समाधानी होता की नव्हता, किंवा त्याच्या जीवनमानात काय फरक पडला, याची नोंद केलेली नव्हती. स्टिरॉइडमुळे ‘रुग्ण लवकर बरा होतो’ हे विधान ज्या चाचण्यांच्या आधारे केले जाते, त्या चाचण्यांनी बरे होणे मोजलेच नाही. त्यांनी मोजली ती पापण्यांची सूज, तीही पाहणाऱ्याच्या नजरेने एक ते चार अशा श्रेणी देऊन किंवा त्यासारख्या पद्धतीने. सूज कमी असणे रुग्णाला नक्कीच हवेसे वाटते, आणि ज्याला आठवड्याच्या आत लोकांसमोर जायचे आहे त्याला ते अधिकच हवेसे वाटेल, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की तो कामावर कधी परतला, त्याला झोप कशी लागली, श्वास कधी मोकळा झाला आणि वर्षभरानंतर नाकाचा आकार त्याला पसंत पडला का, या प्रश्नांची उत्तरे दोन दिवसांच्या पापण्यांवरून मिळत नाहीत. नाकाच्या टोकाची सूज तर पूर्ण ओसरायला वर्षभरही लागू शकते, आणि तिच्यावर शस्त्रक्रियेआधीच्या मात्रेचा टिकाऊ परिणाम होतो असे या आढाव्यातून दिसत नाही.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ साली ऱ्हायनोप्लास्टीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही शस्त्रक्रियेच्या वेळचे स्टिरॉइड हे ‘शिफारस’ या दर्जाचे नसून ‘पर्याय’ या दर्जाचे आहे. म्हणजे डॉक्टराने ते द्यावे असे तेथे म्हटलेले नाही, देता येईल इतकेच म्हटले आहे. याच दस्तऐवजात शस्त्रक्रियेच्या शेवटी नाकात नेहमीचा रिवाज म्हणून बोळा भरू नये, हे विधान मात्र शिफारशीच्या दर्जाने आले आहे. ज्या गोष्टीला दुबळा आधार आहे ती उत्साहाने करायची आणि जिला त्याहून बळकट आधार आहे ती सवयीखातर टाळायची, असा व्यवहार जेथे चालतो, तेथे रुग्णाचा आराम हे खरे कारण आहे असे मानणे कठीण आहे. बोळा भरलेल्या नाकाने दोन रात्री तोंडाने श्वास घेत, कोरड पडलेल्या घशाने जागून काढलेल्या रुग्णाला पापण्या किती सुजल्या होत्या हे आठवतही नसते.

पॉलिपच्या रुग्णांच्या बाबतीत हा प्रतिवाद वेगळ्या सुरात करणे भाग आहे, कारण तेथे समर्थकांची बाजू खरोखर बळकट आहे. कोंब दाहामुळे फुगलेले आणि रक्ताने भरलेले असतात, शस्त्रक्रियेची जागा डोळ्यापासून आणि मेंदूच्या तळापासून कागदासारख्या पातळ हाडाने विभागलेली असते, आणि दुर्बिणीच्या टोकावर रक्ताचा एक थेंब आला तरी समोरचे काही दिसत नाही. अशा वेळी आधीच्या काही दिवसांच्या स्टिरॉइडने कोंब आकसत असतील, रक्तस्राव घटत असेल आणि दृश्य स्वच्छ होत असेल, तर तो लाभ सुरक्षिततेचा आहे, शोभेचा नव्हे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत पॉलिपच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी ५ दिवस रोज ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोन दिले गेले आणि नंतरही काही दिवस ते चालू ठेवले गेले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्या नाकाचे अस्तर अधिक सुजलेले आणि शस्त्रक्रिया अधिक अवघड आढळली, आणि नंतरच्या तपासणीत स्टिरॉइड घेतलेल्यांच्या सायनसच्या पोकळ्या अधिक निरोगी दिसल्या. तथापि रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या लक्षणांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे लाभ शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हाताला झाला, आणि त्या हाताची सोय हाच रुग्णाचाही लाभ असल्यामुळे तो पुरेसा आहे. पण तो लाभ म्हणजे रुग्णाचे दुखणे हलके होणे, असे म्हणून तोच कोर्स पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णाला लिहून देणे हे पुराव्याचे अपहरण आहे. पॉलिपच्या रुग्णांतसुद्धा २०२० सालच्या युरोपीय मार्गदर्शक दस्तऐवजाने तोंडावाटे स्टिरॉइडचे अल्पकालीन कोर्स वर्षाला एक-दोनपर्यंतच उपयुक्त मानले आहेत, तेव्हा शस्त्रक्रियेआधीचा कोर्स त्या वार्षिक हिशेबात धरायला हवा; ज्याला त्याच वर्षी दम्यासाठी किंवा वास परत यावा म्हणून असे दोन कोर्स आधीच मिळून गेले आहेत, त्याचा विचार वेगळाच करावा लागेल.

एकाच मात्रेच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा विचित्र रीतीने सुजेशी संबंधितच नाही. नाकाच्या शस्त्रक्रियेत रक्त घशामागून पोटात जाते आणि शुद्धीवर येताना रुग्णाला मळमळ व ओकारी होण्याची शक्यता वाढते. ओकारीच्या जोराने रक्तदाब चढून नाकातून पुन्हा रक्त येऊ शकते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत केवळ ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळ-ओकारीची जोखीम सुमारे एक चतुर्थांशाने कमी केली. भूलतज्ज्ञ भूल देताना ही मात्रा शिरेतून देतात, ती नजरेखाली दिली जाते, एकदा दिली की संपते, आणि सूज थोडी कमी झाली तर तो वरचा फायदा. ज्या रुग्णाला ही मात्रा मिळणारच आहे त्याला आधी पाच दिवस गोळ्या दिल्याने आणखी काय साधते, हे दाखवण्याचे ओझे गोळ्या देणाऱ्यांवर आहे. हिशेब करायचा तर ५ दिवस रोज ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे एकूण १५० मिलिग्रॅम, ज्याचे डेक्सामेथासोनमधील मूल्य २२ मिलिग्रॅमच्या वर जाते. ऱ्हायनोप्लास्टीच्या चाचण्यांतील १० मिलिग्रॅमच्या मात्रेच्या हे दुपटीहून अधिक आणि ओकारी टाळणाऱ्या मात्रेच्या पाचपटीहून अधिक आहे.

‘इतक्या थोड्या दिवसांत काही होत नाही’ या विधानाकडे आता वळायला हवे, कारण सारी इमारत शेवटी त्यावरच उभी आहे. वर उल्लेखिलेल्या १० चाचण्यांपैकी ५ चाचण्यांनी अपायांची नोंदच दिली नव्हती आणि ४ चाचण्यांनी अपाय आढळले नाहीत असे कळवले. अपाय आढळले नाहीत यावरून अपाय होत नाहीत असे अनुमान काढताना रुग्णसंख्येचा विचार केला पाहिजे. संख्याशास्त्रातील एक साधा नियम असा की जितक्या रुग्णांत एकही घटना घडली नाही त्या संख्येने तीनला भागले असता खऱ्या जोखमीची वरची मर्यादा मिळते, म्हणजे २०० रुग्णांत एकालाही अपाय झाला नाही तरी खरी जोखीम शंभरात दीड असू शकते. मोठ्या आकड्यांकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते, आणि ते दोन्ही बाजूंनी पाहणे प्रामाणिकपणाचे ठरेल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या रुग्णांत ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनच्या एका मात्रेने जखमेतील जंतुसंसर्ग वाढला नाही : औषध मिळालेल्यांत तो ८.१ टक्के आणि न मिळालेल्यांत ९.१ टक्के होता. एका मात्रेची भीती यामुळे पुष्कळ कमी होते. याउलट, अमेरिकेतील पंधरा लाखांवर प्रौढांच्या नोंदी तपासणाऱ्या, २०१७ सालच्या एका अभ्यासात तीस दिवसांहून कमी काळ तोंडावाटे स्टिरॉइड घेतलेल्यांमध्ये औषध सुरू झाल्यानंतरच्या महिन्यात रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचा दर पाचपट, शिरांत गुठळी होण्याचा दर तिपटीहून अधिक आणि हाड मोडण्याचा दर जवळजवळ दुप्पट आढळला. हा अभ्यास नोंदींवर आधारलेला होता, ते लोक कोणत्या ना कोणत्या आजारासाठीच औषध घेत होते आणि या घटना मुळात विरळ असतात, हे सर्व लक्षात घेऊनही त्यात कोर्सची मध्यम लांबी सहा दिवस होती ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. निरुपद्रवी म्हणून जी मुदत सांगितली जाते ती जवळपास हीच.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. स्टिरॉइड यकृताला साखर तयार करायला लावते आणि स्नायूंना ती घेऊ देत नाही, त्यामुळे रक्तातील साखर चढते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरून २०२३ साली देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या त्याहूनही अधिक, साडेतेरा कोटींच्या घरात, असल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्याला मधुमेह आहे हे ज्याला ठाऊक नाही असा रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या दाराशी रोज येतो, आणि नाक बंद असल्याची तक्रार करणाऱ्याची साखर तपासण्याआधीच त्याच्या हाती गोळ्यांची चिठ्ठी पडू शकते. महाराष्ट्राला २०२१ च्या उन्हाळ्याची आठवण करून द्यावी लागू नये : कोविडच्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित साखर आणि गरजेबाहेर दिलेले स्टिरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी म्हणून ओळखला गेलेला आजार, नाकातून सायनसमध्ये आणि तेथून डोळ्यात शिरला, आणि कित्येकांचे जबडे व डोळे काढावे लागले. पाच दिवसांच्या गोळ्यांनी तसे घडेल असा दावा येथे नाही. त्या रुग्णांत कोविडनेच शरीर खिळखिळे केले होते आणि स्टिरॉइडही पुष्कळदा जास्त मात्रेत, जास्त दिवस दिले गेले होते. मुद्दा असा की त्याच डेक्सामेथासोनने २०२० सालच्या ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी केले होते, आणि ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना काही लाभ दिला नव्हता. औषध तेच होते. कोणाला द्यायचे हा प्रश्न ज्यांनी वगळला, त्यांच्या रुग्णांनी त्याची किंमत मोजली. या देशातील नाकाच्या शस्त्रवैद्यांनी ती किंमत स्वतःच्या हातांनी, मृत झालेले हाड खरवडून काढताना पाहिलेली आहे, म्हणूनच त्यांच्याकडून सरसकट रिवाजाचे समर्थन होणे अधिक खटकते.

अनुभवाचा युक्तिवाद राहिला. आपल्या रुग्णांना गोळ्यांनी बरे वाटते, असे शस्त्रवैद्य सांगतात, आणि ते खरे असते, कारण स्टिरॉइड घेतल्यावर भूक वाढते, उत्साह वाटतो, दुखणे कमी जाणवते. परंतु याच औषधाने कित्येकांची झोप उडते, चिडचिड होते, जळजळ वाढते, आणि या तक्रारी घेऊन रुग्ण शस्त्रवैद्याकडे येत नाही, घराजवळच्या डॉक्टराकडे जातो किंवा सोसतो. त्यामुळे शस्त्रवैद्याच्या अनुभवात लाभ साठत जातात आणि अपाय नोंदले जात नाहीत. या औषधाच्या इतिहासाची सुरुवातच अशा अनुभवाने झाली आहे. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे काही दिवसांत चालू लागली, १९५० साली त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि चेहरा गोल होणे, हाडे ठिसूळ होणे, संसर्ग बळावणे ही दुसरी बाजू उत्साह ओसरल्यावर वैद्यकाने हळूहळू शिकून घेतली.

दुसऱ्या टोकाला, स्टिरॉइडचे नाव ऐकताच नकार देणारे रुग्ण आणि त्यांना दुजोरा देणारे डॉक्टरही आहेत, आणि हा लेख त्यांच्या बाजूने वाचला जाऊ नये. नाकात मारायच्या फवाऱ्यातील स्टिरॉइड अत्यल्प प्रमाणात रक्तात जाते आणि पॉलिपच्या रुग्णाने ते शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ घ्यायला हवे. भूलतज्ज्ञाने दिलेली एक मात्रा नाकारण्यात बहुतेकांचा तोटाच आहे. आणि जो रुग्ण आधीपासून रोज स्टिरॉइड घेत आहे, त्याने शस्त्रक्रियेपूर्वी ते आपल्या मनाने बंद केल्यास ताण सोसायला लागणारे कॉर्टिसॉल शरीर पुरवू शकत नाही आणि जिवावर बेतू शकते. आक्षेप औषधावर नाही, तर कारण न विचारता ते लिहून देण्यावर आहे.

सुजेपासून आराम हवा असेल तर त्याचे बरेचसे मार्ग गोळीच्या बाहेर आहेत : हाडाचा छेद कमी इजा करणाऱ्या उपकरणाने घेणे, रक्तदाब आटोक्यात ठेवून भूल देणे, निवडक रुग्णांत रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्सामिक आम्ल वापरणे, उशी उंच ठेवून झोपवणे, पहिल्या दोन दिवसांत डोळ्यांवर थंड पट्ट्या ठेवणे, बोळ्याऐवजी पडद्याला आधार देणाऱ्या मऊ पट्ट्या बसवणे, आणि नाक मिठाच्या पाण्याने धुण्याची सवय लावणे. पॉलिपसाठी कोर्स द्यायचाच असेल तर केसपेपरवर कारण, मात्रा, दिवस, आधीच्या वर्षातील कोर्स आणि साखरेचा आकडा ही पाच टिपणे असावीत, काचबिंदू, पोटातील व्रण आणि मानसिक आजार यांची चौकशी झालेली असावी, आणि गोळ्या मोजून द्याव्यात. रुग्णालयात शिरेतून दिलेली मात्रा तेथेच संपते. गोळ्यांची चिठ्ठी मात्र घरी जाते, पुढच्या सर्दीला औषधाच्या दुकानात पुन्हा दाखवली जाते आणि शेजाऱ्याच्या नाकासाठीही वापरली जाते, आणि तेव्हा पाच दिवसांचा हिशेब लिहून देणाऱ्याच्या हातात राहिलेला नसतो.